संध्याकाळ नसलेला उपवास

मगरिबची अजान होण्याआधीची पाच मिनिटे. दस्तरखानावर खजूर, फळांच्या फोडी, भजी आणि सरबताचे पेले मांडलेले असतात. दिवसभराच्या तहानेने घसे कोरडे पडलेले असतात आणि सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे असते. रमजानमध्ये घर असे रोज एका जागी बसते. एरवी वर्षभर ते जमत नाही.

अशाच एका घराची कल्पना करून पाहा. दादी, अम्मी, अब्बा, अकरावीत शिकणारी मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. अजान होताच मुलगी एक खजूर उचलते. अर्धा खाते, उरलेला अर्धा रुमालात जातो. पाणी पिऊन ती उठते, "नमाज पढून जेवते" म्हणते. नमाज होते, जेवण होत नाही. "भज्यांनीच पोट भरलं," असे ती सांगते. रात्री तरावीहनंतर आई ताट घेऊन येते तेव्हा ती झोपलेली असते. पहाटे सहरीला पाण्याचे दोन घोट घेऊन रोजाची नीयत करते. महिना संपतो तेव्हा दादी शेजारणीला कौतुकाने सांगते, "नातीने तीसच्या तीस रोजे पूर्ण केले. एकही सोडला नाही."

ईदसाठी शिवलेला ड्रेस सैल होतो म्हणून शिंप्याकडे परत जातो. शीरखुर्मा प्यायला आलेल्या बायका म्हणतात, "किती बारीक झालीस! छान दिसतेस." ईदनंतर ती शव्वालचे सहा रोजे ठेवते. ते झाल्यावर दर सोमवारी आणि गुरुवारी रोजा सुरू होतो. पोरगी दीनदार निघाली म्हणून घर समाधानात असते.

भिंतीपलीकडच्या घरात हीच गोष्ट नवरात्रापासून सुरू होऊ शकते. नऊ दिवसांचे उपवास दसऱ्याला सुटतात, पण मुलीचे सुटत नाहीत. त्यांना सोमवार जोडला जातो, मग चतुर्थी, मग एकादशी. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ समोर येतात तेव्हा "मला तेलकट नको" म्हणून ती फक्त ताक पिते. जैन घरात पर्युषणापासून, ख्रिस्ती घरात ईस्टरपूर्वीच्या उपासकाळापासून अशी सुरुवात होऊ शकते. मुलगा असेल तर उपवासाची जागा जिम आणि पोटावरचे स्नायू घेतात.

ही घरे कल्पनेतली आहेत, आजार मात्र खरा आहे. वैद्यकशास्त्र त्याला ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याचा विकार म्हणते. नाव खाण्याचे असले तरी हा मनाचा आजार आहे आणि तो शरीरावर फार लवकर उतरतो. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्यू ज्यांच्यामुळे होतात त्यांत याच्या एका प्रकाराची गणना होते. तरीही आपल्याकडे तो 'नखरे', 'डाएटचे वेड' किंवा 'उपवासाची आवड' या नावांखाली महिनोन्महिने लपून राहतो.

एक आजार, अनेक चेहरे

यातला सर्वांत घातक प्रकार म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. यात माणूस खाणे कमी करत जातो, वजन धोक्याच्या खाली उतरते, तरी त्याला आपण जाडच आहोत असे वाटत राहते किंवा वजन वाढण्याची भीती त्याला सोडत नाही. दुसरा प्रकार बुलिमिया नर्व्होसा. यात थोड्या वेळात भरमसाट खाल्ले जाते आणि मग अपराधीपणाने उलटी करणे, जुलाबाची औषधे घेणे, उपाशी राहणे किंवा शरीर थकवणारा व्यायाम करणे सुरू होते. अशा व्यक्तीचे वजन बऱ्याचदा सर्वसाधारण असते, त्यामुळे घरच्यांना सुगावा लागत नाही. तिसऱ्या प्रकारात भरमसाट खाण्याचे झटके येतात, पण नंतर ते बाहेर काढण्याची धडपड नसते. उरते ती फक्त शरम. याला बिंज ईटिंग म्हणतात.

हा आजार मोबाइलच्या काळातला नाही. १६८९ मध्ये रिचर्ड मॉर्टन या इंग्लिश वैद्याने खाणे टाकून खंगत गेलेल्या दोन तरुण रुग्णांचे वर्णन केले होते. त्यांतली एक मुलगी होती आणि दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. 'हा मुलींचाच आजार' हा समज पहिल्या नोंदीपासूनच चुकीचा ठरतो. १८७३ मध्ये लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी, एकाच सुमारास पण स्वतंत्रपणे, या आजाराची सविस्तर मांडणी केली. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गल यांचे. बुलिमियाची वेगळी ओळख पटायला मात्र १९७९ साल उजाडावे लागले. ती जेराल्ड रसेल यांनी लंडनमध्ये पटवली.

लासेग यांनी टिपलेली एक गोष्ट आजही घरोघर दिसते. मूल जेवत नाही म्हटल्यावर घरच्यांकडे दोनच उपाय असतात, विनवणी आणि धमकी. आधी आवडीचे पदार्थ करून आर्जव केले जाते, मग रागावले जाते, मग पुन्हा आर्जव. दोन्हींचा उपयोग होत नाही आणि घरातल्या प्रत्येक जेवणाचे भांडण होते.

उपाशी पोट मनाचे काय करते

'खायचे तर आहे, तोंड तिचे आहे, अन्न समोर आहे, मग अडचण काय?' हा प्रश्न प्रत्येक बापाच्या मनात येतो. त्याचे एक उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिळाले. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालायचे, हे समजून घेण्यासाठी १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण त्यात स्वेच्छेने सामील झाले. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले.

या तरुणांना आधी खाण्याचा कोणताही विकार नव्हता. बारीक होण्याची हौसही नव्हती. पण पोट रिकामे राहत गेले तसतसे त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरे काही उरले नाही. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, एकेका घासावर बराच वेळ लावू लागले, ताटातल्या पदार्थांची विचित्र मिसळ करू लागले. चिडचिड, उदासी आणि एकलकोंडेपणा वाढला. हातपाय गार पडू लागले. पुन्हा पोटभर जेवण मिळू लागल्यावरही अनेकांचे खाणे बराच काळ ताळ्यावर आले नाही.

म्हणजे जी लक्षणे मुलीचा हट्ट किंवा स्वभाव म्हणून आपण पाहतो, त्यांतली कितीतरी भुकेची असतात. आजार उपाशी ठेवतो आणि उपाशी मेंदू आजाराला बळ देतो. या फेऱ्यात अडकलेल्या मुलाला 'समजावून सांगितले की कळेल' ही अपेक्षा म्हणूनच फोल ठरते. आधी पोटात अन्न जावे लागते, मग समजावणे कानात शिरते. या आजारात अन्न हेच पहिले औषध आहे, असे डॉक्टर सांगतात ते याच अर्थाने.

दोष कुणाचा?

आई-वडिलांचा पहिला प्रश्न असतो, "आमचे काय चुकले?" या आजाराला एकच कारण नसते. २०१९ मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अ‍ॅनोरेक्सियाशी संबंधित आठ ठिकाणे त्यांना जनुकसाखळीत सापडली. त्यांतून असेही दिसले की या आजाराचे मूळ मनाबरोबरच शरीराच्या चयापचयातही आहे. म्हणजे काही मुले जन्मतःच या आजाराच्या अधिक जवळ असतात. अभ्यासात चोख, स्वतःवर कठोर, चूक सहन न होणारी मुले त्यांत पुष्कळदा दिसतात.

पण नुसत्या दारूने स्फोट होत नाही, ठिणगी बाहेरून पडते. पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर भरलेल्या अंगाला मान होता. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये दूरदर्शन संच आले. अमेरिकी संशोधक अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींचा त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये अभ्यास केला. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत आढळली नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा मुली तसे करत असल्याचे आढळले. आज पडदा घराच्या भिंतीवरून उतरून मुलांच्या हातात आला आहे.

आपल्याकडच्या ठिणग्या आपल्याच आहेत. 'मुलीला बघायला येणार आहेत, जरा वजन कमी कर' हा सल्ला, वर्गात पडलेले 'जाडी' हे नाव, बहिणीशी होणारी तुलना, परीक्षेचा ताण, घरातला मृत्यू किंवा वाद. यांतले काहीही पुरेसे ठरू शकते. वजन उतरल्यावर होणारे कौतुक तर आगीत तेल ओतते.

भारतात या आजाराचा चेहरा कधी कधी थोडा वेगळा असतो. १९९५ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी काही तरुण मुलींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्या खात नव्हत्या, उलट्या होत होत्या, वजन खूप घटले होते, पाळी थांबली होती. पण 'मला जाड व्हायचे नाही' असे त्या म्हणत नव्हत्या. आपल्याकडची मुलगी 'पोट फुगते', 'भूकच लागत नाही', 'घास उतरत नाही' अशी तक्रार करते. मग सोनोग्राफी होते, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या होतात, कावीळ उतरवणाऱ्याकडे फेरी होते. मनाच्या डॉक्टरकडे जाण्याचा विचार सर्वांत शेवटी येतो. पोटाच्या तपासण्या करायलाच हव्यात, पण त्या स्वच्छ आल्यावरही वजन उतरतच असेल तर शोध थांबवू नये.

रोजा आणि आजार यांतला फरक

रमजान या आजाराला जन्म देत नाही. कोट्यवधी लोक रोजे ठेवतात आणि ईदनंतर पूर्ववत जेवू लागतात. पण ज्याच्या आत ही प्रवृत्ती आहे, त्या किशोरवयीन मुलासाठी हा महिना उंबरठा ठरू शकतो. तुर्कस्तानात अंकारा इथल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये अशा काही किशोरवयीन रुग्णांची नोंद केली. रमजानच्या रोजांपासून त्यांचा खाण्याचा विकार सुरू झाला किंवा बळावला होता. जो आधीच आजारी आहे त्याला तर हा महिना आडोसाच देतो. दिवसभर न खाण्याला कारण मिळते, कुणी विचारत नाही, उलट शाबासकी मिळते. बुलिमिया असलेल्या मुलाचे दुखणे निराळे. दिवसभर उपाशी आणि संध्याकाळी समोर भरलेला दस्तरखान, ही भरमसाट खाण्याच्या झटक्याला आमंत्रण देणारी स्थिती असते.

घरातल्या बायकांच्या लक्षात येऊ शकेल अशी एक खूण इथे आहे. पाळीच्या दिवसांत स्त्रीने रोजा ठेवायचा नसतो. ते रोजे नंतर भरून काढायचे असतात. त्यामुळे वयात आलेल्या निरोगी मुलीचे रमजानमध्ये साधारणपणे काही रोजे सुटतातच, आणि ते स्वाभाविक आहे. मग सुरुवातीच्या घरातली मुलगी 'तीसच्या तीस रोजे' कसे पूर्ण करते? कौतुकाच्या त्या वाक्यातच धोक्याची घंटा होती. शरीराला पुरेसे अन्न मिळेनासे झाले की ते पाळी थांबवते. पाळी थांबण्याला इतरही कारणे असतात, पण वजन उतरत असताना ती थांबली असेल तर आईने ईदची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

रोजाचा स्वतःचा नियम काय सांगतो, तेही पाहण्यासारखे आहे. कुरआनच्या दुसऱ्या सूरहमध्ये, रोजाच्या आदेशाला लागूनच, १८४ आणि १८५ या आयतींत आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिलेली आहे. राहिलेले रोजे नंतर ठेवता येतात. त्याला कजा म्हणतात. ज्याला ते कायमचेच झेपणार नाही, त्याने रोजामागे एका गरिबाला जेवू घालावे. तो फिदया. ही व्यवस्था माणसाची सोय पाहणारी आहे, त्याला अडचणीत टाकणारी नाही, असेही तिथे स्पष्ट केलेले आहे. मनाचा आजार हाही आजारच असतो. वयात न आलेल्या मुलांवर तर रोजा बंधनकारकच नाही.

पैगंबरांनी आपल्या सोबत्यांना इफ्तार न करता एका दिवसाचा रोजा दुसऱ्या दिवसाला जोडण्यापासून रोखले. इफ्तारला उशीर करू नये आणि सहरी टाळू नये, अशीही त्यांची शिकवण. हदीसमध्ये अबू दर्दा आणि सलमान या दोन मित्रांचा प्रसंग आहे. अबू दर्दा ऐच्छिक उपासनेत इतके बुडाले होते की त्यांना घराकडे आणि स्वतःकडे पाहायला सवड उरली नव्हती. सलमान पाहुणे म्हणून आले. त्यांच्यापुढे ताट आले, पण यजमानाचा रोजा होता. तू जेवल्याशिवाय मी घास उचलणार नाही, असे सलमान यांनी सांगितले आणि मित्राला जेवायला लावले. देहाचाही माणसावर हक्क असतो, हा त्यांचा मुद्दा होता. पैगंबरांच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी सलमान यांचेच बरोबर ठरवले.

इतर परंपरांतही हीच जाण आहे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे गीतेचा सहावा अध्याय सांगतो. कठोर उपासाने हाडांचा सापळा झालेल्या गौतमाने तो मार्ग सोडला आणि सुजाताने दिलेली खीर स्वीकारली, ही कथा महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांत लहान मुलांनाही ठाऊक असते.

उपवासाला संध्याकाळ असते. माणूस तो आपणहून धरतो आणि आनंदाने सोडतो. आजारातल्या उपासमारीला संध्याकाळच नसते. ती सोडता येत नाही. ज्या मुलाला इफ्तारची वाट पाहण्याऐवजी इफ्तारची भीती वाटते, ते मूल रोजा ठेवत नसते, आजारी असते.

लक्षात येण्यासारख्या खुणा

घरातल्या माणसांना काही गोष्टी डॉक्टरच्या आधी दिसतात. मूल सगळ्यांबरोबर जेवणे टाळते, 'मैत्रिणीकडे खाल्लं' म्हणते. घासाचे तुकडे करत बसते, ताटातले अन्न लपवते. स्वतः खात नाही पण इतरांना आग्रहाने करून वाढते. जेवण होताच बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून ठेवते. पुन्हा पुन्हा वजन करते, उन्हाळ्यातही सैल आणि पूर्ण अंगभर कपडे घालते. व्यायाम एक दिवस चुकला तर बेचैन होते. हातपाय थंड राहतात, केस गळतात, अंगावर बारीक लव येते, उठताना अंधारी येते. वारंवार उलट्या करणाऱ्याचे गाल कानाजवळ सुजतात, दातांचे पाणी उतरते. दंतवैद्याला हे आधी कळते. वाढीच्या वयात वजन उतरणे सोडाच, ते नुसते थांबणे हीदेखील खूण आहे.

चक्कर येऊन पडणे, छातीत धडधडणे, नाडी फार मंद होणे, उलटीत रक्त दिसणे, पाणीही नाकारणे किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कारण या आजारात हृदय अचानक दगा देऊ शकते. अमेरिकेची प्रसिद्ध गायिका कॅरन कार्पेंटर १९८३ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी अ‍ॅनोरेक्सियामुळे झालेल्या हृदयविकाराने गेली. या आजाराकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते त्यानंतर.

उपचार घरातल्या ताटापाशी

उपचाराची सुरुवात शरीरापासून होते. फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ वजन, उंची, नाडी, रक्तदाब पाहतात. ईसीजी आणि रक्तातल्या पोटॅशियम, फॉस्फेटसारख्या क्षारांची तपासणी होते. इथे एक धोका माहीत असायला हवा. खूप दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खायला घातले तर रक्तातले फॉस्फेट घसरून जीव जाऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे पाहिले. त्यामुळे फार खंगलेल्या मुलाला घरच्या घरी 'आता खा' म्हणून ताट भरून देऊ नये. पहिले दिवस रुग्णालयात, देखरेखीखाली काढावे लागतात.

त्यानंतरचे काम कुटुंबाचे असते. विल्यम गल यांचे मत होते की अशा रुग्णांची काळजी घ्यायला नातेवाईक सर्वांत वाईट. मुलांना घरच्यांपासून दूर ठेवण्याची पद्धत त्यानंतर पुष्कळ काळ चालली. शंभर वर्षांनी त्याच लंडनमध्ये, मॉड्स्ली रुग्णालयात, हा विचार उलटा झाला. तिथल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत आजार सुरू झालेल्या आणि तो तीन वर्षांच्या आतला असलेल्या मुलांना कुटुंबासह केलेल्या उपचारांचा अधिक गुण येतो. आज किशोरवयीन मुलांच्या अ‍ॅनोरेक्सियासाठी हाच मार्ग प्रथम सुचवला जातो.

त्याचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात काय, किती आणि केव्हा खायचे हे आई-वडील ठरवतात. ताप आलेल्या मुलाला औषध घ्यायचे की नाही हे आपण विचारत नाही, तसेच. दुसऱ्या टप्प्यात वजन सावरल्यावर खाण्याची जबाबदारी हळूहळू मुलाकडे परत दिली जाते. तिसऱ्यात वयाचे बाकीचे प्रश्न हाताळले जातात: मैत्री, अभ्यास, स्वतःबद्दलचे मत.

ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात आईला एका भाकरीसाठी तासभर शेजारी बसावे लागते. मूल रडते, ताट ढकलते, "तुला मी जाड झालेलीच हवी आहे" म्हणते. या वेळी वाद घालायचा नसतो आणि मागेही हटायचे नसते. 'किती खाल्लेस', 'आता गाल भरले' असे काही बोलायचे नसते. मालिकेबद्दल, मांजरीबद्दल, गावाकडच्या आंब्याबद्दल बोलायचे आणि घास संपेपर्यंत बसून राहायचे. आई आणि वडील दोघांचे म्हणणे एक असावे लागते. एकाने आग्रह करायचा आणि दुसऱ्याने 'राहू दे गं आज' म्हणायचे, ही फट आजाराला बरोबर सापडते. मूल आणि आजार वेगळे आहेत हे मनाशी पक्के धरले तर राग मुलावर निघत नाही.

बुलिमिया आणि भरमसाट खाण्याच्या विकारात विचार आणि वर्तन बदलणारी समुपदेशनाची पद्धत उपयोगी पडते. त्यात पहिला धडा असतो ठरावीक वेळी जेवण्याचा, कारण लांबलेली भूकच झटका आणते. बुलिमिया असलेल्या मोठ्या माणसांत फ्लुऑक्सेटिन या औषधाची मदत होते. अ‍ॅनोरेक्सियावर मात्र कोणतीही गोळी अन्नाची जागा घेत नाही. नैराश्य, चिंता सोबत असेल तर त्यावर मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात. बरे व्हायला महिने लागतात, कधी वर्षे लागतात. मध्येच घसरण होते. पण पुष्कळ मुले पूर्ण बरी होतात, आणि उपचार जितके लवकर सुरू होतात तितकी ती शक्यता वाढते.

लहान गावात या आजाराचे खास तज्ज्ञ सहसा नसतात. तरीही सुरुवात करता येते. नेहमीचा डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ किंवा जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग हे पहिले दार आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. 'लोक वेडी म्हणतील, लग्न कसे जमेल' या भीतीने थांबू नये. दुआ करावी, आणि औषधही घ्यावे. आजार झाला तर उपचार करून घ्या, ही पैगंबरांचीच शिकवण आहे.

उपचार चालू असताना रोजा ठेवायचा की नाही हे डॉक्टरने ठरवावे, आणि मौलानांशी बोलून मुलाच्या मनातली रुखरुख दूर करावी. मौलानांचा एक शब्द इथे दहा समुपदेशनांचे काम करू शकतो. रोजा नाही म्हणून मूल रमजानबाहेर पडत नाही. शेजारी इफ्तारची थाळी पोहोचवणे, कुरआनचे पठण, जकात-फित्र्याचा हिशेब, धाकट्यांचा अभ्यास, अशी कितीतरी कामे त्याच्यासाठी आहेत. पाहुण्यांनी "रोजा का नाही?" असे चारचौघांत विचारू नये. मुलीला तर कुणीच विचारू नये. आणि ईदच्या दिवशी वजनाबद्दल, बारीक म्हणून किंवा जाड म्हणून, काहीही न बोलण्याचे सर्व धर्मांच्या पाहुण्यांनी एवढ्या वर्षी ठरवून पाहावे.

सुरुवातीच्या घराकडे पुन्हा एकदा, एका वर्षानंतर, पाहा. रमजानचीच एक दुपार आहे. बाहेर ऊन तापले आहे. अम्मीचा रोजा आहे, दादीचाही. स्वयंपाकघरात मुलीपुढे ताट आहे: डाळ, भात, एक भाकरी, वाटीत दही. रोजा असलेली आई तिच्याशेजारी बसली आहे आणि धाकट्याने शाळेत केलेल्या उचापतीची गोष्ट सांगते आहे. दादी दारातून डोकावते. काही म्हणत नाही. दह्याचे भांडे थोडे पुढे सरकवते आणि आपल्या तसबीहचे मणी ओढत निघून जाते. मुलगी घास उचलते.

संध्याकाळी दस्तरखानावर ती सगळ्यांबरोबर असते. अजान होते, खजुरांची ताटली फिरते. तिच्या हातातला खजूर या वेळी अर्धा राहत नाही.